इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग

पोलिसांच्या नोकरीत पुष्कळ अपघात पाहिले, पण अमरावती-अकोला महामार्गावरचा एक अजून मनातून जात नाही. ट्रकला ओलांडताना एक ऑटोमॅटिक कार रस्त्याच्या कडेला शिरली आणि तिथे मोटरसायकलवर झेंडूची पोती बांधणाऱ्या शेतकऱ्याचा पाय मोडला.

शेतकऱ्याने जबाबात सांगितलं, इंजिन बोंबलत होतं, गाडी भरधाव होती. कारचा मालक अकोल्याच्या जठारपेठेतला व्यापारी. तोही म्हणाला, ड्रायव्हर बेफामच चालवतो. ड्रायव्हर हिवरखेडचा, घरात कमावणारा एकटा. गुन्हा शाबित झाला तर परवाना जाणार, वर तुरुंग. तो एकच सांगत राहिला, "साहेब, ट्रक आंगावर येऊन राहिला होता म्हणून म्या पाय दाबला. आवाज वाढला, पण गाडी उचलेच ना. मंग कडेले घेतली."

मला ती थाप वाटली. मोटार वाहन निरीक्षकांनी ठाण्याच्या आवारात गाडी तपासली, दोष सापडला नाही.

मग ठाण्यात एका बाईंचा फोन आला. "गाडी गरम होऊ द्या अन् हायवेवर नेऊन पाहा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या कोण, हे मी शोधलं नाही. मालकाच्या घरातलंच कोणी असावं.

निरीक्षक चालवायला बसले, मी शेजारी. बरंच अंतर गाडी शहाण्यासारखी चालली. मग त्यांनी पाय दाबला. इंजिनाचा काटा झपकन वर गेला, कानठळ्या बसल्या, आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही. गिअरबॉक्स आतून घसरत होता, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचतच नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो, याची मला लाज वाटली.

मालकाला बोलावून शांतपणे विचारलं, हा आवाज कधीपासूनचा? तो सहज बोलून गेला, "उन्हाळ्यापासूनच येते. पण दिवाळीत गाडी बदलाचीच होती, मंग काहून खोलून बसू?"

ड्रायव्हरवरचा भरधाव वेगाचा आरोप गेला, माहीत असून बिघडलेली गाडी रस्त्यावर आणली म्हणून कागदात मालकाचं नाव आलं. पुरवणी जबाब घ्यायला मी शेतकऱ्याकडे दवाखान्यात गेलो. सगळं ऐकून तो म्हणाला, "मंग त्याले सोडा, साहेब. पण आवाज म्या आयकला, ते खोटं नोका लिहू."

ते खोटं नव्हतंच. त्याने आवाज ऐकला होता, वेग त्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक साक्षीदाराला मी आधी विचारत असे, तुम्ही काय ऐकलं. आणि मग वेगळं विचारत असे, तुम्हाला काय वाटलं.