रडणं घरूनच उरकून या

तरुणपणी तीन वर्षं मी कंडक्टर होतो. अकोल्याहून निघून आडवळणाची आठ गावं घेत बाळापूरला पोचणारी मोटार, हातात तिकिटांची पेटी आणि पुढ्यात पन्नास माणसं, जी मधेच उठून जाऊ शकत नाहीत! नाटकवेड्या माणसाला आणखी काय हवं? मी तिकीट फाडतानासुद्धा आवाज लावत असे.

ड्रायव्हर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणे. त्यांची मोटार इतकी वक्तशीर, की वाटेतली माणसं तिच्यावर आपली न्याहारी लावीत. अपवाद पावसाळ्याचा. वाटेत मैलभर गवती माळ लागे. आखाडापासून दसऱ्यापर्यंत दादा तिथं बैलगाडीच्या चालीनं मोटार नेत. कारण माळढोक. आमच्याकडे त्याला हूम म्हणत. माणसाच्या कमरेइतका उंच, सरदारासारखा चालणारा पक्षी. त्याची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि पिलू चालू लागलं की त्याला घेऊन खुशाल सडकेवर येते. आदल्या साली एका ट्रकनं असं एक पिलू दादांच्या डोळ्यांदेखत चिरडलं होतं.

दादांनी चार-पाच वर्षांपूर्वी बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पह्यलंच शील आहे भाऊ, जीव मारायचा नाही. आन् माह्या हाती देली एवढी मोठी मोटार. मंग शील काय फक्त घरी बसून पाळू?"

मागून आरडाओरडा होईच.

"काहून बाप्पा, इंजिन काढून बैल जुतले का? पायी निघालो असतो तं पोचलो असतो!"

"उतर ना मंग," दादा मान न वळवता म्हणत. "हूम बी पायीच चालून राह्यला. सोबत होईन त्याले."

बाळापूरला रोज बारा मिनिटं उशीर. तिथल्या कंट्रोलर साहेबांनी दोनदा लेखी खुलासा मागितला आणि तिसऱ्यांदा बजावलं, की आता उशीर झाला तर मार्ग बदलून देतो. दादांना स्वतःची फिकीर नव्हती. "मी जाईन, दुसरा येईन," ते म्हणाले. "तो कायले थांबन हूमासाठी?"

बारा मिनिटं कुठून तरी काढायची होती. दोन दिवस मी घड्याळाकडे बघत हिंडलो आणि मला चोर सापडला. सणासुदीचे दिवस, माहेरी आलेल्या लेकी सासरी परत निघालेल्या. मोटार दिसेपर्यंत सगळ्याजणी पारावर सुपारी कातरत हसत बसलेल्या. मोटार थांबली, की गळ्यात पडून रडणं सुरू! मग पायरीवर ओटी भरणं. लेक एकदाची चढली, की एक काकू भेटायची राहिली म्हणून पुन्हा खाली.

मी पायरीवर उभा राहून हात पसरले. "माय हो! उद्यापासून रडणं घरूनच उरकून या! मोटार आली की फक्त चढायचं!"

"काहून रे बावा?" एक आजी कडाडली. "मोटार दिसल्याशिवाय रडू येते का कोणाले?"

"येते ना आजी. पाहा!" असं म्हणून मी खाली उतरलो आणि आजीच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की सगळा पार हसून लोळला. तेवढ्यात लेक मुकाट्यानं चढून बसली होती. मग मी माळावरच्या हूमाच्या मायलेकरांची हकीकत सांगितली.

"एकच लेकरू?" आजीनं विचारलं.

"एकच."

"मंग जाऊ दे बाप्पा तिले सावकाश. आमी घेतो उरकून."

हेच नाटक मी आठही गावांत केलं. आठवड्यात बाया लाल डोळे पुसत, भरल्या ओटीनं आधीच उभ्या राहू लागल्या. "आमचं झालं बरं, कंडक्टर!"

आणि एके दिवशी अकोल्यालाच कंट्रोलर साहेब घड्याळ घेऊन मोटारीत चढले.

माळावर मोटार मंदावली, आणि नेमकी त्याच दिवशी मादी पिलू घेऊन सडकेवर आली. दादांनी मोटार उभीच केली.

"हॉर्न द्या," साहेब म्हणाले.

दादांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हॉर्न देला तं माय उडन साहेब. लेकरू कसं उडन?"

पिलू मधेच थांबलं, किडा टिपला, पुन्हा चाललं. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग काचेबाहेर.

पुढची पाच गावं मात्र अर्ध्या-अर्ध्या मिनिटात उरकली. बाळापूरला आम्ही तीन मिनिटं लवकर!

"वेळेआधी येणंही नियमाविरुद्ध आहे," साहेब उतरताना म्हणाले. "लेखी खुलासा द्या."

मी तिथंच लिहून दिला: "माळावर एक माय व तिचे लेकरू यांस वाट देण्यात आली. पुढील गावच्या लेकी घरूनच रडून आल्याने वेळ वाचला."

साहेबांनी दोनदा वाचलं, मिशीत काहीतरी दाबलं आणि शेरा मारला: "पाहिले. ड्रायव्हर याच मार्गावर ठेवावा."

धावत जाऊन मी तो दादांना वाचून दाखवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "नाल्यापाशी अजून एक बसून आहे अंड्यावर."