बादलीभर पाणी

लेक पुण्याला नोकरीला गेली, तरी रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "आई, मातीले ओल हाये का?" मी संत्र्याच्या झाडाखालची माती मुठीत दाबून सांगायची. दिवाळीला तिने बागेत सेन्सरचे खांब रोवले. "हे बिनतारेचे एकमेकाले सांगतात अन् शेवटचा माह्या मोबाईलले," तिने मला समजावलं. आता तिला ओल तिथेच दिसते. फोन फक्त रविवारी येतो.

काल मी एका खांबापाशी बादलीभर पाणी ओतलं. थोड्याच वेळात फोन वाजला.

"आई, तिथली नळी फुटली काय वं? पाहून ये ना!"

"पाहतो. तू फोन ठेवू नको."

नळी धड आहे हे माहीत असूनही मी सगळी बाग हळूहळू फिरले.