दातवाल्या बाईंची चाकं

“आणि कमरेचं हाड मोडलं असतं तर? त्या कवळ्या आल्या असत्या का तुला उठवायला?”

लेकीचा हा प्रश्न तिसऱ्यांदा येत होता. दोनदा आईनं उत्तर दिलं. आता ती मनगटाचा पट्टा सारखा करत राहिली. सकाळी स्केट्सवरून पडून मनगट मुरगळलं होतं, गुडघा सोलवटला होता. कवळ्यांचा डबा तेवढा शाबूत पोचला होता. बावन्नाव्या वर्षी चाकांवरून गावभर हिंडणं पुरे झालं, असं लेकीचं म्हणणं. स्केट्स ती आजच भंगारात देणार होती. मुळात ते तिचेच, त्यामुळे आवाजात मालकीचा जोर होता.

आठ वर्षांपूर्वी दोन महिन्यांत कंटाळून तिनंच ते माळ्यावर टाकले होते. आई तेव्हाही कवळ्या बनवणाऱ्या लॅबची ने-आण करायची. रोज चौदा दवाखाने: इथून मापं उचल, तिथं दात पोचव. अंतरं अशी, की बसला फार जवळ आणि पायांना फार लांब. घरी आली की बादलीत पाय सोडून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. एक दिवस तिनंच ते स्केट्स माळ्यावरून खाली काढले.

त्या स्केट्सना एकेका पायाला तीनच चाकं, पण छोट्या बशीएवढी. लहान चाकं खड्यांत, भेगांत अडकतात; ही वरून निघून जातात, प्लास्टरच्या साच्यांना धक्का लागत नाही. शिकवलं नवऱ्यानं. तो किल्ल्या बनवणारा, स्केटिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत तिच्या कमरेचा पट्टा धरून तो महिनाभर मागून धावला. बघणाऱ्यांना वाटायचं, बायको पळून चाललीय आणि हा सोडत नाहीये.

मग संध्याकाळी तिच्या अंगात गप्पा मारण्याइतकं त्राण उरू लागलं. दवाखान्यांत ती ‘दातवाल्या बाई’ झाली. आभार कुणाचे मानायचे ते न कळून ती रोज घरी आली की सहाही चाकं ओल्या फडक्यानं पुसायची.

लेक पिशवी शोधायला उठली, तशी आईनं चांगल्या हातानं एक चाक फिरवून पाहिलं. एरवी तिची वेणी घालून व्हायची तरी ते थांबत नसे. आज अर्ध्या फेऱ्यात थांबलं. दुसरंही तसंच. एक तर हलेचना. बोल्ट इतका जीव खाऊन आवळणारा हात घरात एकच होता, आणि तो खिडकीपाशी मघापासून एकच किल्ली कानसत होता.

“तुम्ही आवळलेत?”

कानस थांबली.

“जरा हळू जाशील, म्हणून,” तो म्हणाला. “रहदारी केवढी वाढलीय. सांगून ऐकलं असतंस?”

लेक आता बाबांवर उलटली. तासभर आईला जे ऐकवलं, ते सगळं व्याजासकट त्याच्या पदरात पडलं.

राग आईलाही आला. चाक जाम झालं की माणूस तोंडावर आपटतो, हे जन्मभर कुलपं उघडणाऱ्याला कळू नये? पण ऐकलं असतं का, याचं खरं उत्तर नाही असंच होतं. ती दाराबाहेर पडली की हा दिवसभर दुकानात काय काय डोळ्यांसमोर आणत बसत असेल, हे तिला आज पहिल्यांदा समजलं. असं कुणी असणं ही साधी गोष्ट नव्हती.

तिनं पाना त्याच्यापुढे सरकवला. तो उकिडवा बसला. एकेक बोल्ट सैल करून चाक फिरवायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती मान हलवेपर्यंत पुढच्याला हात लावत नव्हता. लेक रिकामी पिशवी घेऊन उभी होती.

“सोमवारपासून मी कामावर जाणार,” ती दोघांना म्हणाली. “स्केट्सवरच.”