नवऱ्याआधीची पेज

सोलापूरच्या इस्पितळात माझ्या मावशीशेजारच्या खाटेवर ती होती. अक्कलकोटकडची, माझ्याच वयाची. स्वादुपिंडावरची गाठ काढलेली. ऑपरेशनच्या आधीही डॉक्टर तिच्यावर ओरडले होते, अंगात रक्त नाही, खा! नंतरही तेच: थोडं थोडं, पण दर दोन तासांनी खायचं, नाहीतर जखम भरणार नाही.

आणि ही बाई पेजेची वाटी पदराखाली झाकून दाराकडे बघत बसायची. नवरा गिरणीतून सुटून येईपर्यंत, आणि खाटेशेजारी बसून सासूनं आणलेली भाकरी खाईपर्यंत.

"निवली की ती! खा ना," मी चिडून म्हणाले.

"गडीमानूस उपाशी असताना मी कशी खाऊ, ताई?"

"मरशील अशानं!"

ती टाक्यांवर हात दाबून हसली. "तुमी आज हाय, उद्या न्हाय. माज्या चुलीपाशी येऊन मला वाडनार हाय का?"

संध्याकाळी मी नवऱ्यालाच गाठलं. घास चावतच तो म्हणाला, "आमी काय तिला उपाशी ठिवतो व्हय?" सासूनं मान डोलावली.

खरं होतं ते. बाईला उपाशी कुणीच ठेवत नाही. शेवटी बसवतात, आणि उरेल त्याला तिचं जेवण म्हणतात.

मी वाटी उचलून तिच्या हातात दिली आणि त्या दोघांदेखत उभी राहिले. "आत्ता पी."

तिनं पेज संपवली. सगळी. पण भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पदर ओढून, चोरी करावी तशी.