आईची भिशी

इंग्लंडात रीडिंगला मी एका बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे लोकांची बचत ठेवून घरकर्ज देणाऱ्या तिथल्या पतसंस्थेत, कामाला होते. आठवडाभर काउंटरवर लोकांना बचतीचे फायदे समजवायचे आणि रविवारी गावी फोन लावून आईपुढे डोकं फोडायचं. गाव सांगली जिल्ह्यातलं. बँक तालुक्याला, एसटीनं तासाभरावर. मी पाठवलेला ड्राफ्ट आई तिथं भरायची आणि वटला रे वटला की सगळे पैसे काढून गल्लीतल्या बायकांच्या भिशीत घालायची.

"अगं, बँकेत व्याज मिळतं!" मी ओरडायचे.

"मिळू दे की," आई म्हणायची.

नव्वदच्या आसपास भिशी चालवणारी बाई सगळ्यांचे पैसे घेऊन लेकीकडे गेली, ती परत आलीच नाही. आता तरी आईचे डोळे उघडतील, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी आई फोनवर म्हणाली, "नवी धरलीया. आता शेजारीण चालवती." मी फोन आपटला.

त्याच उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. एका संध्याकाळी पोळ्या करताना मी पुन्हा तोच विषय काढला. आई लाटत होती, मी भाजत होते.

"माझी सही जुळत न्हाई," ती एकदम म्हणाली.

"कसली सही?"

"पैसं काढायच्या कागदावरची. हात कापतो. सायेब म्हणतो, ही तुमची सही न्हवं. म्हणून जुळली त्या दिवशी सगळं काढून घेते. पुन्हा जुळंल न जुळंल."

मग तिनं सांगितलं. वहिनीच्या बाळंतपणात बाळ आडवं आलं होतं. जीप करून मिरजेला न्यायचं होतं. बँकेनं दोनदा कागद परत केला. पैसे दिले ते भिशीवालीनं, आईचा नंबर नसताना.

"पळाली तीच?"

"तीच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, सही नीट कर."

मी अगदी तेच म्हणणार होते. त्याऐवजी म्हणाले, "मग अंगठा लाव ना!"

आईनं लाटणं खाली ठेवलं. "चौथीपतुर शिकलीया मी. अंगठा लावू?" तव्यावरची पोळी करपली. 

ती परत गेल्यावर मी नवा तोडगा काढला. खात्यावर भावाचंही नाव घालायचं, म्हणजे पैसे तो काढू शकेल. आईनं साफ नकार दिला. "त्याच्या हातात पडलं की ट्रॅक्टरच्या टायरात जातं."

माझे ड्राफ्ट शेवटपर्यंत भिशीतच गेले. शेजारीण काही पळाली नाही. वर्षभरात वहिनीही त्या भिशीत शिरली आणि रविवारी मला दोघींशी भांडावं लागू लागलं.