चारमिनारवरची रेघ

माझ्या आईनं लग्नात मला एक हाली रुपया दिला. निजामाच्या काळातला, चांदीचा, वर चारमिनार. कुरुंद्याहून वसमतला नांदायला आले तेव्हा तो माझ्या पदराच्या गाठीला होता. सासूबाईंनी तो उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, "तुज्या मायनं फुटका रुपया देला व्हय?" चारमिनारवरून एक बारीक रेघ आडवी गेली होती. झालं! खंडित वस्तू देवापुढं चालत नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताटात घरातले सगळे जुने रुपये मांडले जायचे, माझा डब्यात राहायचा. मला दोन्ही मुलीच झाल्या, त्याचंही खापर त्या रुपयावर फुटलं. मुली माझ्या लाखात एक आहेत, हे इथंच सांगून ठेवते.

मी ऐकून घेणारी नव्हते, पण माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते मिळालं जवळा बाजारच्या आठवडी बाजारात. तिथं एक म्हातारे गृहस्थ कापडावर जुनी नाणी मांडून बसत. मी रुपया त्यांच्यापुढं धरला.

"बाई, नख फिरवा," ते म्हणाले. "नख खाली गेलं तर ओरखडा. नख अडलं तर रेघ वर आलेली. मंजी टाकसाळीतला ठसा तडकला व्हता, त्या तड्यात चांदी घुसली. रुपया बराबर हाय."

नख अडलं. मला तिथंच रडू आलं, आणि राग त्याहून जास्त आला.

मग मी दर बाजाराला त्यांच्याजवळ बसू लागले. हाताळून झिजलेल्या नाण्याचा उंच भाग आधी गुळगुळीत होतो. ठसाच झिजलेला असला तर अक्षरं सुजल्यासारखी जाड उठतात, आणि हौशी लोक त्याला दुर्मिळ दुहेरी छाप समजून फसतात. दोष ठशाचा आणि बोल नाण्याला, हे मला फार ओळखीचं होतं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बाजारातल्या मान्साचं काय खरं?" आमचे हे पेपरात तोंड घालून बसले.

मागच्या दिवाळीआधी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक नवा करायचं ठरलं. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव तो, पुसून पुसून झिजला होता. नवा जाड हवा, तर चांदी कमी पडत होती. सासूबाईंनी माझा डबा उघडला. "तसाबी फुटकाच हाय. आटवला तर देवाच्या कामी येईल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "मीबी येते सोनाराकडं."

दुकानात सोनारानं टाक आणि रुपया शेजारी ठेवले. मी टाक उचलला. सवयीनं नख फिरवलं. घोड्याच्या पोटाखाली, जिथं पुसताना फडकं पोचत नाही, तिथं नख अडलं.

"आत्याबाई, हितं बोट लावा," मी सासूबाईंना म्हटलं.

"देवाला नख लावती?"

"लावा म्हन्ते ना."

त्यांनी लावलं. मी सोनाराकडं पाहिलं. तो ओशाळून हसला. "आमचा ठसा आज्याच्या टायमाचा हाय, बाई. त्याला तडा गेलाय. आमच्याकडच्या समद्याच टाकांना ही रेघ येती."

"मग ह्यो देव खंडित हाय का?" मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "न्हाई ना? मग माज्या मायचा रुपया काहून फुटका?"

मी रुपया उचलला आणि पदराला बांधला. टाक आहे तेवढ्या चांदीत झाला, थोडा पातळ.

लक्ष्मीपूजनाला मी कुणाला विचारलं नाही. ताटाच्या मधोमध रुपया ठेवला, रेघेची बाजू वर. सासूबाई कुंकू लावायला वाकल्या. त्यांचं बोट रेघेवर थांबलं, पुन्हा फिरलं.

"वर आलेली हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"पयल्या दिवसापासून हाय," मी म्हटलं.