नवा घेऊ की चालंल?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दुकानात दुसरी खुर्ची ठेवली की पुरे. बोईसरला माझं दहा बाय आठचं दुकान आहे. बोटींवरचे जीपीएस, मासे शोधायची यंत्रं, वायरलेस असलं सगळं तिथे दुरुस्तीला येतं. सेट उघडून ठेवला की त्याचा मालक समोरच्या खुर्चीत बसतो, आणि बसलेला माणूस गप्प किती वेळ राहणार? पंधरा वर्षांत इतकं ऐकलंय की आता मित्र भेटले की ‘काढ एखादा’ म्हणतात.

मी मूळचा सांगलीकडचा. इथल्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो, कारखाना बंद पडला आणि मी या धंद्यात पडलो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. मला पोहता येत नाही. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मी तिच्यात चढतो, आणि तेव्हाही दोर सोडत नाही.

येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, “नवा घेऊ की चालंल?” नवा म्हणजे सत्तर-ऐंशी हजार. बॅटरी, वायरिंग, अँटेना धरलं तर लाखाच्या घरात. माझे सोल्डरिंगचे दोन टाके म्हणजे हजार-दीड हजार. त्यामुळे कोणाला काय ऐकायचंय ते मला ठाऊक असतं. मीही मान डोलावून ‘चालेल’ म्हणतो. बोट निघून जाते आणि भीती तेवढी माझ्याकडे राहते. मोबाइल असतो की, असं तुम्ही म्हणाल. ओल्या हातांनी, लाटेत, तीन टक्के चार्जिंगवर मोबाइल धरून बघा एकदा.

*

दांडी गावचा धनजी हा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. तो पहिल्यांदा आला तेव्हा सेट टॉवेलात गुंडाळलेला होता. पडदा काळा. उघडला तर आत मीठच मीठ. ब्रशने घासलं, टाके मारले, अँटेना खिडकीबाहेर काढला आणि सेट चालू झाला. आकडे अचूक. मी मोठ्या ऐटीत पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं.

“हा तर बोईसर दाखवतो.”

मी म्हटलं, आपण बोईसरलाच बसलोय.

“ते मला पण माहीत हाय, मिस्त्री. बोईसरला चुकलो तर रिक्षावाल्याला विचारीन. पाण्यात दाखवल का, ते सांगा.”

दाखवेल, असं म्हणालो. तो तीन दिवसांनी समुद्रातून परत आला. त्या तीन दिवसांत मी जेवलो, पण काय जेवलो ते विचारू नका.

*

दुसऱ्या वेळी सेटबरोबर त्याची बायको वासंती आली. ती बोईसरच्या बाजारात मासे विकायची. टोपली रिकामी केली आणि थेट माझ्यासमोर येऊन बसली, ती चार तास हलली नाही.

कारण होते पॉइंट. मासा कुठे लागतो, पाण्याखाली खडक कुठे आहे, जाळं कुठे अडकून फाटतं, अशा जागा तांडेल सेटमध्ये साठवून ठेवतात. काही बापाने सांगितलेल्या, काही स्वतःची जाळी फाडून शिकलेल्या. सेट मेला की त्याही गेल्या. दुकानदार सांगतो त्याहून नव्या सेटची किंमत नेहमी जास्त असते ती अशी. आणि दुरुस्तीला द्यावा तर मिस्त्रीच पॉइंट चोरून दुसऱ्याला विकेल ही धास्ती.

मध्येच शेजारच्या मुरबे गावचा एक तांडेल सहज डोकावला. वासंतीने झटकन पदर सेटवर टाकला. खाली माझी सोल्डरिंगची काडी तापलेली. पदराला रुपयाएवढं भोक पडलं. मी कळवळून म्हणालो, वहिनी, निदान मला तरी पडदा बघू द्या, नाहीतर सेट चालू झाला हे कळणार कसं?

“डोळे मिटून करा भाऊ. हाताला सवय असंल ना.”

सेट चालू झाला. पदराचं भोक तिने माझ्या बिलातून कापून घेतलं.

*

हिराजीकाका म्हणजे किनाऱ्यावरचे सगळ्यात जुने तांडेल. सत्तरी ओलांडलेली, पण अजून स्वतः सुकाणूवर बसतात. नारळी पौर्णिमेला त्यांनी बोटीची पूजा केली, आणि आता बोटीचा डोळा कोण, तर जीपीएस! तेव्हा त्यालाही हळद, कुंकू आणि वरून नारळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी सेट माझ्या टेबलावर. उघडला तर आतून मोदकाचा वास.

मी जरा रागावूनच बोललो. काका, हा पाऊण लाखाचा जिन्नस आहे, पाण्याने मरतो.

“देवाचं पाणी हाय ते,” काका म्हणाले, पण चेहरा पडला होता. समुद्रात जायचं आणि देवाला पाणी दाखवायचं नाही, याचीही त्यांना तितकीच भीती. दोन भीतींच्या मध्ये म्हातारा बिचारा अडकला होता.

मग त्यांची नजर माझ्या भंगाराच्या खोक्याकडे गेली. त्यातला एक पार मेलेला सेट त्यांनी शंभर रुपयांना विकत घेतला. तेव्हापासून दरवर्षी पूजेला तोच बसतो. चालू सेट तेवढा वेळ घरी. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

*

याच काकांनी एकदा नव्या सेटच्या हौसेपायी कंपनीचा हेल्पलाइन नंबर वहीत लिहून घेतला होता. जानेवारीतली सकाळ, परतताना दाट धुकं, आणि सेट बंद पडला. किनारा जवळच असणार, कारण मोबाइलला रेंज होती. म्हणजे खडकही जवळच. इंजिन बंद करून सगळे कान देऊन बसले, लाट कुठे फुटतेय ते ऐकत. काकांनी नंबर फिरवला.

पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. तिने नाव विचारलं, मॉडेल विचारलं, मग म्हणाली, “सर, आप अभी कहाँ पर हैं? अपना लोकेशन बताइए.”

काका म्हणाले, “बेटी, वही तो पूछने को फोन किया है.”

धुकं अकराला उठलं. खडक दोनशे हातांवर होता. काका हे सांगतात तेव्हा सगळे हसतात. काका हसत नाहीत.

*

आता पुन्हा धनजी. सेट तिसऱ्यांदा दुरुस्त करून दिला, त्याला आठवडाही झाला नव्हता. मी भाजीबाजारात भेंडी निवडत होतो. फोन वाजला. धनजी. मागे वारा आणि इंजिनचा आवाज.

“मिस्त्री, स्क्रीन गेली. आता काय करू?”

मी “हॅलो” म्हणेपर्यंत फोन तुटला. परत लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. भाजीवाली विचारतेय, पाव की अर्धा, आणि मी भेंडी तिथेच टाकून निघालो. घरी येऊन मी गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिलो. तीन टाके मारले होते मी त्या सेटला. तिसरा नीट बसला होता का? मला आठवेना. चार तास मी त्या एका टाक्यावर उभा होतो. बायको म्हणाली, “तुम्हाला पोहता येत नाही, तरी दर महिन्याला बुडता.”

संध्याकाळी धनजी दुकानात हजर, तोंडात पान, मागे वासंती. स्क्रीन गेली होती, त्याने वरून एक चापट मारली, आली. मी अक्षरशः ओरडलो. अरे, मग तसा फोन करायचास ना!

“आता कशाला करू? चालू झाला ना.”

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ‘चालणार नाही’ म्हणालो. नवाच घे. जुना मी हातात धरणार नाही. तो घासाघीस करत राहिला, पण वासंती बोटांवर हिशेब करायला लागली. घरावर स्लॅब टाकायला तिने पाच वर्षं पैसे साठवले होते. सळया येऊन अंगणात पडल्या होत्या. महिनाभरात सळया परत गेल्या आणि सेट आला. घरावर पत्रे तेच राहिले.

*

नवा सेट मी स्वतः बोटीवर बसवला, एका हाताने दोर धरून. मोठा रंगीत पडदा, मासे दिसतात, खडक दिसतो, खालचा चिखलसुद्धा दिसतो. धनजी आंघोळ करून आला होता. खलाशांना त्याने बजावलं, सुकटीच्या हातांनी कोणी जवळ यायचं नाही. पडद्यावरचं प्लास्टिक काढायला मी नख लावलं तर त्याने माझं मनगट धरलं.

“राहू द्या. ओरखडा पडंल.”

त्या प्लास्टिकमुळे उन्हात काही दिसेना, म्हणून त्याने वर छत्री बांधली. एवढ्या महागाचा सेट, आणि धनजी डोळे बारीक करून छत्रीखाली वाकलेला. मी हसत घरी आलो. आता याची काळजी मिटली, असं मला मनापासून वाटलं.

*

नवरात्र संपून आठवडा झाला होता. दुपारनंतर वारा सुटणार, असा इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर आला. बोटी निघाल्याच नाहीत. फक्त धनजी पहाटे गेला. त्याची जाळी बाहेर समुद्रात मांडलेली होती, ती वाऱ्याने गेली असती. बारापर्यंत जाळी काढून परत येतो, म्हणाला होता.

अकरालाच वारा आला. बोईसरला माझ्या दुकानाची पाटी हलायला लागली. एक वाजला, दोन वाजले, धनजी नाही. फोन लागत नाही. मी शटर ओढलं आणि दांडीला गेलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो. सगळा गाव हवालदिल आणि मी एकटा निर्धास्त, कारण त्या बोटीवर माझा टाका नव्हता. कोरा करकरीत सेट होता, मी स्वतः बसवलेला. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, पण ते त्याला पडद्यावर दिसणार होते. मी प्रत्येकाला तेच समजावत होतो. लोकही ऐकत होते. मला, काय सांगू, जरा बरंही वाटत होतं.

धनजीच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांत जानकी होती, धनजीच्या एका खलाशाची बायको, विक्रमगडकडची. भाताची लावणी आटोपली की नवरा बोटीवर यायचा. या वर्षी ती पहिल्यांदाच बरोबर आली होती, आणि समुद्र तिने महिन्यापूर्वी पहिल्यांदा पाहिला होता. ती पाण्याकडे पाठ करून बसली होती.

साडेतीनला मच्छीमार सोसायटीतून निरोप आला, बोटीचे कागद आणि खलाशांचे आधार कार्डचे झेरॉक्स पाठवा. बोट बेपत्ता धरली की कागद मागतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. वासंती घरात गेली, झेरॉक्स शोधायला मदत म्हणून मी मागोमाग. तिने कपाट उघडलं. खालच्या खणात, कागदांच्या पिशवीच्या मागे, तिच्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने टोक उचललं.

प्लास्टिकसकट पडदा. नवा सेट. घरात, कपाटात.

मी खाटेच्या कडेवर बसलो. बोटीवर सेट नाही. पाच माणसं, समोर खडक, असला वारा आणि डोळेच नाहीत. वासंतीने शालू पुन्हा नीट गुंडाळला, कपाट लावलं, कागद काढून घेतले आणि अगदी हळू म्हणाली, “बाहेर बोलू नका, भाऊ. त्या पोरीला तेवढाच आधार हाय.”

आम्ही बाहेर आलो. जानकीने मान वर केली.

“साहेब, ते यंत्र हाय ना बोटीवर?”

वासंती माझ्याकडे बघत होती.

“हाय,” मी म्हणालो. सांगलीचा माणूस, पण त्या वेळी तोंडातून ‘हाय’च आलं. जानकीने मान हलवली आणि तिथून पुढे दोन तास ती दर थोड्या वेळाने बाजूच्या बाईला सांगत राहिली, यंत्र हाय, यंत्र हाय. इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती, पुढेही वाटू नये.

साडेपाचला भरतीबरोबर बोट खाडीच्या तोंडाशी दिसली. एका अंगावर कललेली, पण पाचही डोकी दिसत होती. मी दोनदा मोजली. बायका धावल्या. जानकीने नवऱ्याला सोडून आधी माझे पाय धरले, तुमच्या यंत्राने आणलं म्हणाली. हिराजीकाकांनी पाठ थोपटली. मुरब्याच्या दोघा तांडेलांनी तिथेच मला विचारलं, असला सेट कितीला पडतो. मी गर्दीत धनजीला शोधत होतो.

गर्दी पांगल्यावर धनजी होडक्याच्या आडोशाला चहा पीत बसला होता, ओठ मिठाने फुटलेले. वासंती त्याच्यासमोर उभी होती. मी जवळ जाऊन खालच्या आवाजात विचारलं, अरे, सेट घरी कसा?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही.

“वारा सुटणार म्हणून मेसेज आला होता ना, मिस्त्री. म्हणून तर घरी ठेवला. भिजला असता.”